लिनक्स टाकताना नेट जोडलं जात नाही? मॉडेमपासून सुरुवात करून एकेक पायरी तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि आमच्या नात्यातले चार-पाच लॅपटॉप एकदम 'याचं आता काय करायचं' या रांगेत येऊन बसले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. गडहिंग्लजच्या मामांचा लॅपटॉप त्याआधीचा. यंत्र धडधाकट होतं, म्हणून मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं ठरवलं आणि त्यातलाच एक प्रकार, डेबियन १२, टाकायला घेतला. भाषा निवडली, कीबोर्ड निवडला, आणि तिसऱ्या-चौथ्या पडद्यावर लाल पट्टी आली: नेटवर्क ऑटोकॉन्फिगरेशन फेल्ड, म्हणजे नेट आपोआप जोडता आलं नाही.

त्या रात्री मी राउटर तीनदा बंद-चालू केला, केबलवाल्या दादांना फोन लावला, पेनड्राइव्ह नव्याने बनवला. दुसऱ्या रात्री कळलं की दोष यातल्या कशातच नव्हता. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला वायरच्या नेटचं एक रिकामं पोर्ट होतं. इन्स्टॉलर, म्हणजे डेबियन बसवणारा प्रोग्राम, त्याच पोर्टवर पत्ता मागत बसला होता, आणि मी जोडलेला फोन यादीत खाली वेगळ्याच नावाने उभा होता.

इन्स्टॉलरला नेट मिळालं नाही तर तो बहुधा हेच एक वाक्य दाखवतो, मग वायर तुटलेली असो, पासवर्ड चुकलेला असो की चुकीचं पोर्ट निवडलेलं असो. म्हणून त्या वाक्यावरून काहीही ठरवू नका. मॉडेमपासून सुरुवात करा आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची तपासू नका.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

हे सगळं जवळ घेऊन बसा

- दोन पेनड्राइव्ह: एक इन्स्टॉलरचा, दुसरा ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) किंवा फर्मवेअरच्या फाइली आणायला
- अँड्रॉइड फोन आणि डेटा जाणारी यूएसबी वायर
- एक ते दीड मीटरची लॅन केबल, घरात राउटर असेल तर
- वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहिलेला
- केबलवाल्याने दिलेलं युजरनेम-पासवर्ड, दिलं असेल तर
- नेट चालू असलेलं दुसरं एखादं यंत्र, एरर शोधायला
- लॅपटॉपचा चार्जर

आणि सगळ्यात आधी: लॅपटॉपमधले फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा. नेटच्या भानगडीत वैतागलेला माणूस पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या, पडद्यावर घाईने एन्टर दाबतो.

१. कुठली फाइल उतरवायची, ते नेट बघून ठरवा

डेबियनची छोटी फाइल, जिला नेटइन्स्ट म्हणतात, एक जीबीच्या आत असते. दिसायला सोयीची, पण तिच्यात फक्त पाया असतो. डेस्कटॉप, ब्राउझर, ऑफिस हे सगळं ती इन्स्टॉल होताना नेटवरून ओढते, आणि तो मजकूर जीबीभर तरी भरतो.

आता गावाकडचं गणित बघा. रोज दीड किंवा दोन जीबीचा प्लॅन असतो आणि तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. या वेगाने एक जीबी उतरायला सुमारे ३५ तास लागतात. मध्यरात्री अर्ध्यावर अडकलेलं इन्स्टॉलेशन बऱ्याचदा असंच अडकलेलं असतं आणि आपण मात्र मॉडेमला दोष देत बसतो.

माझं स्पष्ट मत आहे: नेटचा भरवसा नसेल तर नेटइन्स्ट घेऊच नका. डेबियनची 'लाइव्ह' फाइल किंवा उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची नेहमीची फाइल घ्या. ती काही जीबींची असते. तालुक्याच्या गावी, मित्राकडे, जिथे नेट चांगलं असेल तिथे उतरवून आणा. लाइव्हचे दोन फायदे आहेत. ती नेटशिवाय पूर्ण डेस्कटॉपसकट बसते. आणि हार्ड डिस्कला हात न लावता, पेनड्राइव्हवरूनच चालवून मॉडेम ओळखला जातो की नाही हे आधी बघता येतं. पुढच्या बहुतेक तपासण्या लाइव्हमध्ये जास्त सोप्या जातात.

भाषेबद्दलही इथेच सांगतो. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, फक्त त्यासाठी ग्राफिकल इन्स्टॉल निवडावं लागतं. चालवून बघा, छान वाटतं. पण नेटची अडचण शोधत असाल तेव्हा तेवढ्यापुरती इंग्रजी ठेवा. एरर जशीच्या तशी फोनवर टाकून शोधता येते, आणि कीबोर्ड इंग्रजी राहिल्यामुळे आज्ञा टाइप करताना अडत नाही.

२. तुमच्या घरात नेमकं काय आहे?

आपण सगळ्यालाच मॉडेम म्हणतो. इन्स्टॉलरच्या दृष्टीने मात्र ही चार वेगळी प्रकरणं आहेत.

फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी: भिंतीवर लावलेला, पातळ पिवळी किंवा पांढरी वायर आत जाणारा. बहुतेक घरांत हाच राउटरचं काम करतो आणि नेटचं लॉगिन स्वतःच करतो. लॅन केबलने जोडला तर हा सगळ्यात बिनत्रासाचा प्रकार.

वाय-फाय राउटर किंवा खिशातला हॉटस्पॉट: इथे लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाला फर्मवेअर मिळतं की नाही यावर सगळं अवलंबून.

यूएसबी डोंगल: सिम घालून लॅपटॉपला थेट लावायचं. यात खाचाखोचा जास्त.

फोन: यूएसबी वायरने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला द्यायचं. हा मी शेवटचा उपाय म्हणून वापरायचो, आता पहिला म्हणून वापरतो.

३. दिवे आणि वायर

ओएनटीवर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. अशा वेळी लॅपटॉपवर काहीही करून उपयोग नाही. वायर कुठे कपाटामागे दुमडली आहे का बघा, नसेल तर केबलवाल्याला बोलवा.

लॅन केबल डब्याच्या लॅन लिहिलेल्या पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही. लावल्यावर पोर्टजवळचा छोटा दिवा लुकलुकायला हवा. केबलची पिन खटकन बसते. तिची जीभ तुटलेली असेल तर केबल बसल्यासारखी दिसते आणि आत मात्र टेकत नाही. मामांच्या घरची केबल अशीच होती. मी ती बोटाने दाबून धरली की दिवा लागायचा, सोडली की जायचा. केबल बदलणं हाच त्यावर उपाय.

यूएसबीच्या बाबतीत दोन सापळे आहेत. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. बॅटरी भरताना दिसते म्हणून आपण वायर ठीक धरतो. त्याच वायरने फोनमधला एखादा फोटो लॅपटॉपवर काढून बघा. निघाला तरच ती वायर कामाची.

दुसरा सापळा डोंगलचा. रेंज कमी असली की डोंगल जास्त वीज ओढतं. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. बिनपुरवठ्याच्या स्वस्त हबवर पेनड्राइव्ह, माउस आणि डोंगल एकत्र लावलं की डोंगल मध्येच बंद पडून पुन्हा चालू होत राहतं. डोंगल थेट लॅपटॉपला लावा. शक्य असेल तर छोट्या एक्स्टेन्शन वायरने पेनड्राइव्हपासून लांब, खिडकीकडे ठेवा.

४. लॅपटॉपला यंत्र दिसतंय का?

लाइव्हमध्ये टर्मिनल उघडा आणि 'आयपी ए' ही आज्ञा द्या: आय, पी, जागा, ए. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये असाल तर कंट्रोल, डावा ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा, मग एन्टर. काळा पडदा येईल, तिथे तीच आज्ञा द्या. परत यायला डावा ऑल्ट आणि एफ५.

समोर यादी येते. 'एलओ' नावाची पहिली नोंद सोडून द्या, ती यंत्राची स्वतःशीच असलेली जोडणी. 'ईएन' ने सुरू होणारी नोंद म्हणजे वायरचं नेट, 'डब्ल्यूएल' ने सुरू होणारी वाय-फाय. यूएसबीवरचा फोन किंवा डोंगल 'यूएसबी०' अशा नावाने, नाहीतर 'ईएनएक्स' आणि पुढे बारा अक्षर-आकड्यांची माळ अशा लांबलचक नावाने दिसतो. मामांच्या लॅपटॉपवर हेच लांब नाव मी पहिल्या रात्री कचरा समजून सोडून दिलं होतं.

नोंदीत 'नो-कॅरिअर' लिहिलं असेल तर यंत्र ओळखलंय, पण वायर टेकलेली नाही. तिसऱ्या पायरीवर परत जा. नोंदच नसेल तर प्रश्न ड्रायव्हरचा.

*वाय-फायची नोंद नाही.* बऱ्याच वाय-फाय कार्डांना चालू होताना एक छोटी फाइल भरवावी लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. डेबियनच्या अधिकृत फाइलींमध्ये ही फर्मवेअर पूर्वी नसायची, कारण तिचा सोर्स कोड खुला नसतो. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती आतच असते. म्हणजे कुणी कपाटातली डेबियन १० किंवा ११ ची जुनी फाइल देत असेल तर घेऊ नका. अर्धा त्रास तिथेच वाचेल.

तरीही ब्रॉडकॉमची काही जुनी कार्डं अडतात. जुन्या मॅकबुकमध्ये आणि काही जुन्या डेलमध्ये ती असतात. त्यांची फर्मवेअर वाटण्याची परवानगी स्पष्ट नसल्याने डेबियनचं पॅकेज ती वेगळी नेटवरून उतरवतं, आणि नेट तर याच कार्डाने यायचं असतं. हा गुंता फोनने किंवा लॅन केबलनेच सुटतो. इन्स्टॉलर फाइलचं नाव दाखवून 'ही सापडत नाही' म्हणत असेल तर ते नाव जसंच्या तसं लिहून घ्या. कंट्रोल, डावा ऑल्ट आणि एफ४ ने नोंदवहीचा पडदा उघडतो. तिथे फर्मवेअर शब्दाच्या ओळीत 'एरर -२' दिसला तर त्याचा अर्थ फाइल जागेवर नाही, कार्ड खराब झालेलं नाही.

अर्थात लॅपटॉपच्या कडेला वाय-फायची खटक्याची कळ आहे का, किंवा विमानाचं चित्र असलेली कळ दाबली गेली आहे का, हेही बघा. एकदा आत्तेभावाच्या लॅपटॉपवर अर्धा तास फर्मवेअर शोधल्यावर ती कळ सापडली.

*डोंगल लावलं, पण सीडीसारखं दिसतंय.* हा दोष नाही, ती रचनाच आहे. विंडोजला ड्रायव्हर देता यावा म्हणून बरीच डोंगलं आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात आणि ड्रायव्हर बसल्यावर मॉडेम होतात. लिनक्समध्ये हे रूपांतर 'यूएसबी मोडस्विच' नावाचा प्रोग्राम करतो. उदाहरण म्हणून हुआवेचं ई३३७२ घ्या: सीडीच्या रूपात त्याची ओळख १२डी१:१एफ०१ असते, मॉडेम झाल्यावर १२डी१:१४डीसी. लाइव्हमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की ही ओळख दिसते. रूपांतर झालं नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीसमोरची इजेक्टची खूण दाबा. बरीच डोंगलं तेवढ्याने बदलतात. अर्धा मिनिट थांबा आणि 'आयपी ए' पुन्हा द्या.

डोंगलमध्येही दोन जाती आहेत. एक स्वतःच छोटा राउटर असतं आणि लॅपटॉपला वायरच्या नेटसारखं दिसतं. ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडतं, हुआवेच्या अशा डोंगलांवर १९२.१६८.८.१ ला. हे इन्स्टॉलरमध्ये चालतं. दुसरं जुन्या पद्धतीचं, ज्याला नंबर फिरवून जोडावं लागतं. ते डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये चालवण्याचा नाद सोडा. लाइव्हमध्ये नेटवर्क मॅनेजरच्या मोबाइल ब्रॉडबँडमधून ते जोडता येतं, तिथे एपीएन, म्हणजे सिमच्या कंपनीच्या नेटचं नाव, विचारला जातो: जिओला 'जिओनेट', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट'. सिमला पिन लावलेला असेल तर तो आधी फोनमध्ये सिम घालून काढून टाका. आणि जुन्या थ्रीजी डोंगलमध्ये जिओचं सिम घालून वाट बघू नका. जिओचं जाळं २०१६ मध्ये थेट फोरजीपासूनच सुरू झालं.

ही कुचंबणा आजची नाही. डायलअपच्या दिवसांत लॅपटॉपच्या आतले बरेच मॉडेम विनमॉडेम जातीचे असत. सिग्नल उलगडण्याचं काम मॉडेमची चिप न करता विंडोजमधला ड्रायव्हर करायचा. लिनक्सकडे तो ड्रायव्हर नसल्याने मॉडेम जागेवर असून मुका राहायचा. तेव्हा सुटका व्हायची ती सिरियल पोर्टला बाहेरून लावायच्या मॉडेमने. आता ते काम फोन करतो.

५. अडलात तर फोन जोडा

फोन वायरने लॅपटॉपला जोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग हॉटस्पॉट आणि टेदरिंग, तिथे यूएसबी टेदरिंग चालू करा. ही कळ वायर जोडल्याशिवाय दाबता येत नाही, म्हणून ती फिकट दिसत असेल तर पुन्हा वायरचाच संशय घ्या.

फार लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट: फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर अँड्रॉइड बहुतेक वेळा तेच नेट यूएसबीतून पुढे देतो. म्हणजे फोनचा उपयोग वाय-फाय कार्डासारखा होतो आणि मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. मामांच्या लॅपटॉपचं काम शेवटी असंच झालं.

क्रम मात्र पाळा. आधी फोन जोडून टेदरिंग चालू करा, मगच इन्स्टॉलरला नेटवर्क शोधायला सांगा. तो पुढे गेला असेल तर 'गो बॅक' दाबत मुख्य यादीत या आणि 'डिटेक्ट नेटवर्क हार्डवेअर' पुन्हा चालवा. वायर हलून टेदरिंग बंद पडलं तर बरेच फोन ते आपोआप पुन्हा चालू करत नाहीत, म्हणून फोन टेबलावर ठेवा आणि मधून मधून बघा.

आयफोन डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये जोडत बसू नका. तो लॅपटॉपवर विश्वास ठेवायची परवानगी मागतो आणि ती देवाणघेवाण करणारा प्रोग्राम इन्स्टॉलरमध्ये नसतो. घरातल्या कुणाचा तरी अँड्रॉइड तासभर मागून घ्या.

६. बरोबर नाव निवडा

लॅपटॉपला नेटची एकापेक्षा जास्त यंत्रं असली की डेबियन विचारतो: मुख्य कोणतं? आधीच निवडलेलं असतं त्यावर एन्टर दाबू नका. तिथे बहुधा रिकाम्या पोर्टचं नाव असतं. चौथ्या पायरीत लिहून घेतलेलं नाव यादीत शोधा आणि तेच निवडा. फोन असेल तर 'यूएसबी०' किंवा 'ईएनएक्स' वालं.

७. पत्ता मिळाला का?

यंत्र ओळखलं गेलं की ते राउटरकडे पत्ता मागतं. 'आयपी ए' मध्ये तुमच्या नोंदीखाली 'इनेट' शब्दापुढे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा आकडा दिसला तर ही पायरी पार. विंडोजमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर पत्ता मिळालेला नाही, यंत्राने स्वतःच एक ठेवून घेतला आहे.

पत्ता न मिळण्याची कारणं मला दिसली त्या क्रमाने सांगतो.

वाय-फायचा पासवर्ड चुकीचा. कॅपिटल अक्षरं तपासा, कागदावर लिहून ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

राउटर फक्त डब्ल्यूपीए३ सुरक्षेवर ठेवलेला. इन्स्टॉलरसाठी तेवढ्यापुरतं डब्ल्यूपीए२ करा. तसंच २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय चालू ठेवा. जुन्या कार्डांना ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसतच नाही. राउटरचं पान बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला असतं, जिओच्या डब्यांवर १९२.१६८.२९.१ ला.

वसतिगृह किंवा लॉजचं वाय-फाय. तिथे आधी ब्राउझरमध्ये खोली क्रमांक, मोबाइल नंबर भरावा लागतो. इन्स्टॉलरमध्ये ब्राउझर नाही. फोनला ते वाय-फाय जोडा, लॉगिन करा आणि यूएसबीने पुढे द्या.

केबलवाल्याने जोडणी एका यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्या यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेली. राउटर काढून तीच वायर थेट लॅपटॉपला लावली की मॅक बदलतो आणि पत्ता नाकारला जातो. राउटर परत मध्ये ठेवा, झालं.

आणि पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायचं नेट. तुमचा डबा ब्रिज मोडवर असेल, म्हणजे स्वतः लॉगिन करत नसेल, तर लॉगिन लॅपटॉपनेच करायचं असतं. डेबियन इन्स्टॉलरमध्ये ही सोय लपलेली आहे. सुरुवातीच्या मेनूवर इन्स्टॉलवर उभे राहून जुन्या बायोसच्या लॅपटॉपवर टॅब, नव्या पद्धतीच्या म्हणजे यूईएफआयच्या लॅपटॉपवर ई दाबा आणि लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'मॉड्यूल्स=पीपीपी-यूडेब' जोडा. मग पुढे युजरनेम-पासवर्ड विचारला जातो. यात एक खबरदारी: बहुतेक जोडण्यांवर एका वेळी एकच लॉगिन चालतं. राउटर त्याच नावाने आधीच आत असेल तर लॅपटॉपला दार उघडत नाही. डबा स्वतः लॉगिन करत असेल तर या परिच्छेदाची तुम्हाला गरजच नाही.

८. बाहेर जातंय का, नाव कळतंय का?

लाइव्हच्या टर्मिनलमध्ये दोन आज्ञा द्या. पहिली, पिंग ८.८.८.८. दुसरी, पिंग डेब डॉट डेबियन डॉट ओआरजी. कंट्रोल आणि सी ने थांबवता येतं.

दोन्हींना उत्तर आलं तर नेट चालू आहे. पहिलीला आलं आणि दुसरीला नाही, तर रस्ता आहे पण नावाचा पत्ता कुणी सांगत नाही, म्हणजे डीएनएसची अडचण. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ घाला. इन्स्टॉलरमध्ये नेटवर्क हाताने भरताना 'नेम सर्व्हर' म्हणून हेच विचारलं जातं. दोन्हींना उत्तर नाही, पण सातव्या पायरीतला पत्ता आहे, तर राउटरपर्यंत ठीक आहे आणि त्याच्या पुढे बंद आहे: डेटा संपला का, रिचार्ज आहे का, हे त्याच नेटवर फोनने बघा.

पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल काही टक्क्यांवर थिजते, असंही होतं. पीपीपीओईवर डेटाच्या एका पाकिटाचा आकार, म्हणजे एमटीयू, १४९२ पर्यंतच जातो, नेहमीचा असतो १५००. लाइव्हमध्ये जोडणीच्या सेटिंगमध्ये एमटीयू १४०० करून बघा.

९. तारीख बघा

नेट चालू आहे, पत्ता आहे, नाव कळतंय, तरी इन्स्टॉलर म्हणतो की मिररवरची, म्हणजे डेबियनच्या फाइली ठेवलेल्या सर्व्हरवरची, फाइल 'अजून वैध नाही'. अशा वेळी 'डेट' ही आज्ञा द्या. जुन्या लॅपटॉपचा आतला छोटा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग आजची सही त्याला भविष्यातली वाटते आणि तो ती नाकारतो. सुरक्षित संकेतस्थळंही याच कारणाने उघडत नाहीत. बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ बरोबर करा आणि पुन्हा सुरू करा. सेल नंतर बदलून घ्या, बहुधा सीआर२०३२ असतो. लॅपटॉपमध्ये त्याला कधी वायर आणि छोटी पिन जोडलेली असते, म्हणून जुना काढून दुकानात न्या.

१०. नेटशिवायच पुढे जायचं ठरवलंत तर

'डू नॉट कॉन्फिगर द नेटवर्क' हा पर्याय वाईट नाही. लाइव्ह वापरत असाल तर बिनधास्त निवडा. नेटइन्स्टमध्ये निवडलात तर शेवटी फक्त काळा पडदा आणि लॉगिन मिळेल. घाबरू नका, इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही.

रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून आत जा, फोन जोडून टेदरिंग चालू करा, 'आयपी ए' ने नाव बघा. मग डेबियन १२ मध्ये 'डीएचक्लायंट' लिहून पुढे ते नाव द्या. पत्ता मिळाला की ईटीसी फोल्डरमधल्या एपीटी फोल्डरात 'सोर्सेस डॉट लिस्ट' ही फाइल नॅनो या मजकूर बदलायच्या प्रोग्रामने उघडा. त्यात 'डेब सीडीरॉम' ने सुरू होणारी ओळ असेल, तिच्या आधी # ही खूण घाला. नाहीतर दर वेळी 'डिस्क घाला' म्हणून अडवणूक होते. नेटवरच्या मिररची ओळ नसेल तर ती लिहा: डेब, मग डेब.डेबियन.ओआरजीचा डेबियन फोल्डरचा पत्ता, मग बुकवर्म, मेन, नॉन-फ्री-फर्मवेअर. 'एपीटी अपडेट' चालवा आणि नंतर 'टास्कसेल'. डेस्कटॉपची यादी समोर येईल.

११. विंडोज ११ टाकत असाल तर

यंत्र नवं असेल तर सेटअपच्या शेवटच्या टप्प्यात विंडोज नेट मागतो आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसल्याने यादी रिकामी दिसते. इथेही अँड्रॉइड फोन यूएसबी टेदरिंगने जोडा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. नेट टाळायच्या ज्या आज्ञा फिरतात त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बंद करत आली आहे, त्यांच्या भरवशावर फॉरमॅट मारायला बसू नका. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणून ठेवा.

१२. चिठ्ठी लिहून ठेवा

मामांच्या लॅपटॉपच्या पोटाशी मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर वाय-फाय कार्डाचं नाव, चाललेल्या इंटरफेसचं नाव, राउटरच्या पानाचा पत्ता, डेबियनची आवृत्ती आणि सेल बदलल्याची तारीख आहे. पासवर्ड नाही. परवा मामींच्या भावाने तसाच लॅपटॉप आणला, तेव्हा ती चिठ्ठी वाचून मामांनी स्वतःच फोन जोडला आणि मला फक्त विचारलं, "ईएनएक्सवालंच निवडू ना रे?"